मॅक्रोसाठी आधी जुनी लेन्स बघ

भावा, पहिल्याच मॅक्रो लेन्सवर, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सवर, नवीकोरी घेऊन एवढे पैसे घालू नको. निकॉनची जुनी मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/३.५ मिळते का बघ की. ती एकटी १:२ पर्यंत जाते, म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या निम्म्या आकाराची उमटते. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये २७.५ मिमीची एक्स्टेन्शन रिंग, म्हणजे नुसतं पोकळ कडं, लावलीस की १:१, म्हणजे खऱ्या आकाराएवढी. काच इतकी आत बसवलेली आहे की आडवा उजेड अडवणारं हूडही लागत नाही. ऑटोफोकस नाही, त्याची काळजी सोड. लेन्सवर फोकसचं अंतर ठरवायचं, श्वास रोखून स्वतः थोडं पुढंमागं व्हायचं, कड स्पष्ट झाली की शटर दाबायचं.

मागच्या पावसात जांबोटीच्या वाटेवर तेरड्याच्या पाकळीवर एक थेंब लोंबत होता. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ला ठेवून फोटो काढला. घरी मोठा करून बघितला तर थेंबात मागचं अख्खं झाड उलटं! तेव्हापासून या लेन्सवर माझा जीव जडलाय.

घेताना मात्र टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं बघ, फोकसची रिंग जड झालीय का तेही बघ. आपल्या खानापूरकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नको. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव.