खुर्चीतून उठलं की हात कापतो

प्रश्न : दादा नमस्कार, मी २१ वर्षांचा आहे, नाशिकला असतो. स्नूकर पार्लरमध्ये रोज दोन तास तरी खेळतो, प्रॅक्टिसला ४०-५० चे ब्रेक (एकाच पाळीत सलग केलेले पॉइंट) आरामात होतात, एकदा ७२ पण झालाय. पण टूर्नामेंटला गेलो की काय होतं कळतच नाही. मागच्या महिन्यात बेस्ट ऑफ फाइव्ह, २-२, शेवटच्या फ्रेमला (डावाला) मी ९ पॉइंटनी मागे आणि टेबलवर फक्त गुलाबी आणि काळा बॉल. गुलाबी टाकला. मग काळा, स्पॉटवर (त्याच्या ठरलेल्या खुणेवर), जवळजवळ सरळ, असा काळा मी झोपेत टाकतो, आणि तो पॉकेटच्या तोंडाशी दोनदा हलून बाहेर आला. समोरच्याने टाकला, मी बाहेर. तेव्हापासून काळा स्पॉटवर दिसला की हात कापतो. काय करू?

उत्तर : अरे, स्पॉटवरचा काळा सोडून, म्हणजे चुकवून, घरी गेलेला तू पहिला नाहीस. १९९४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, इंग्लंडमधल्या शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, फायनलला १७-१७, शेवटची फ्रेम, जिमी व्हाइट पुढे होता आणि त्याचा ब्रेक चालू होता, आणि त्याने स्पॉटवरचा काळाच सोडला. स्टीफन हेन्ड्री खुर्चीतून उठला, ५८ चा ब्रेक केला, मॅच संपली. व्हाइटची ती सहावी फायनल होती आणि सहाही हरला, त्यात त्या दिवशी त्याचा वाढदिवस. म्हणजे नर्व्हस होणं हे काही शिकाऊ लोकांचं दुखणं नाही.

आता तुझ्या पत्रात एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, ती म्हणजे गुलाबी टाकायच्या आधी तू किती वेळ बसला होतास. माझा अंदाज आहे, बराच वेळ. कारण स्नूकरमध्ये माणूस टेबलवर घाबरत नाही, खुर्चीत घाबरतो. कबड्डीत, टेनिसमध्ये टेन्शन आलं की पाय पळतात, घाम निघतो, ते कुठेतरी बाहेर पडतं. इथे समोरचा खेळतोय आणि तू क्यू (खेळायची काठी) मांडीवर घेऊन पाण्याची बाटली उघडझाक करतोयस, छाती धडधडतेय आणि करायला काहीच नाही, मग पंधरा मिनिटांनी उठून तुला मिलिमीटरचं काम करायचंय. हात कापणारच. आणि खरं सांगू का, नुसत्या कापण्याने पॉट (बॉल पॉकेटमध्ये टाकणं) चुकत नाही. कापतोय म्हणून आपण मागचा हात घट्ट आवळतो, त्यामुळे क्यू सरळ न जाता वळतो, आणि बॉल गेला का बघायला डोकं आधीच वर येतं. तुझा काळा बहुतेक यातच गेला.

म्हणून आधी खुर्ची सुधार. बसल्यावर मोबाईल नको, पॉइंट मोजणं नको (ते मार्करचं, म्हणजे स्कोअर लिहिणाऱ्याचं काम आहे), समोरच्याच्या तोंडाकडे तर अजिबात बघू नकोस. पांढऱ्या बॉलकडे बघ, तो कुठे थांबतोय एवढंच बघ. हात टॉवेलला पूस, खांदे खाली सोड, श्वास सोडताना घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लाव. ऐकायला फालतू वाटतं माहितीये, मलाही वाटायचं, एका क्लबच्या स्पर्धेत ५० पॉइंटनी पुढे असलेली फ्रेम घालवली तेव्हापासून नाही वाटत.

उठलास की पहिलाच शॉट लांबचा पॉट मारायचा मोह टाळ, शक्य असेल तर साधी सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न मिळू देणारा शॉट) खेळ, हाताला बॉलचा स्पर्श कळू दे. टेबलकडे जायचा स्पीड रोजचाच ठेव, टेन्शनमध्ये सगळे घाई करतात आणि त्यांना वाटतं आपण नॉर्मलच आहोत. प्रॅक्टिसला तीनदा क्यू हलवून मारत असशील तर मॅचलाही तीनदाच. खाली वाकल्यावर शंका आली, बॉल जाड लागेल (मधोमध) की पातळ (कडेला), की सरळ उभा राहा आणि परत पहिल्यापासून कर, वाकलेल्या अवस्थेत निर्णय बदलायचा नाही म्हणजे नाही. आणि मारल्यावर बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत हनुवटी क्यूवरच.

प्रॅक्टिस पण बदल. एका मागोमाग एक पन्नास काळे टाकून काही होत नाही, पन्नासात भीती कुठेय? दोन तास झाले की क्यू ठेव, दहा मिनिटं खुर्चीत बस, मग उठून स्पॉटवरचा काळा एकदाच मार. एकच चान्स. गेला तर गेला, नाही तर त्या दिवशीच्या टेबलचे सगळे पैसे तू भरायचे. पहिल्या आठवड्यात मित्र खूश होतील.

आणि मागे पडलास की मॅच संपली असं धरू नकोस. १९८५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे होता आणि डेनिस टेलर नुसता बसून बघत होता. तोच टेलर शेवटी १८-१७ ने जिंकला, ते पण शेवटच्या काळ्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर. आख्ख्या मॅचमध्ये तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या बॉलने. त्याच्या आधी डेव्हिसने तोच काळा जास्त पातळ मारून सोडला होता, तेव्हा तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या माणसाने.

प्रश्न : मित्र म्हणतो मॅचच्या आधी धडधड कमी करायची गोळी घे नाहीतर एक बिअर मार. चालेल का?

उत्तर : नाही. त्या गोळ्या म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाच्या ठोक्यांवर काम करणारं औषध, दमा असलेल्या माणसाला तर त्रासच होऊ शकतो, आणि बिलियर्ड्स-स्नूकरच्या स्पर्धेत ते डोपिंगमध्ये धरलं जातं. बिअरने हात थांबल्यासारखा वाटतो पण अँगल दिसायचा बंद होतो. मित्राला म्हणावं तूच घे आणि माझ्याशी खेळ.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा, बँकेतून लवकर रिटायर होऊन जिमखान्यात स्नूकर शिकायला लागलोय. एकटा असलो की बरं जमतं, चार लोक बघायला उभे राहिले की सोपे लाल बॉल पण जात नाहीत.

उत्तर : साहेब, ते चार लोक तुमचा शॉट बघत नसतात, टेबल कधी मोकळं होतं ते बघत असतात. तुमच्या मार्करला विचारा, तो सांगेल. तरी त्रास होत असेल तर मुद्दाम गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सातला वगैरे जात जा, दोन आठवड्यांत त्यांची सवय होईल. फक्त क्यूच्या टोकाला चॉक लावायला विसरू नका, टेन्शनमध्ये माणूस पहिलं तेच विसरतो, आणि मिसक्यू होऊन (क्यूचं टोक बॉलवरून घसरून) तो टक् आवाज आला की मग मात्र सगळे खरंच बघतात.