पेशंटजवळ प्रार्थना करावी का? माझं जरा लांबलेलं उत्तर

सलाम. तुझी पोस्ट रात्री दोनदा वाचली. आयसीयूत ड्युटीवर असताना तू एका पेशंट काकांच्या पलंगाशी उभी राहून प्रार्थना केलीस, नातेवाइकांची तक्रार नव्हती, तरी मेट्रनने, म्हणजे मुख्य सिस्टरने, मेमो दिला, आणि आता "विश्वास गेटबाहेर ठेवून ड्युटी करायची का" असं तू विचारतेस. मी सोलापुरातच तेवीस वर्षं वॉर्डात काढली. मी वकील नाही, चर्चची पाळकही नाही. तेव्हा हे एका सिस्टरचं मत समज.

गोपनीयता वगैरे तुला शिकवत नाही, ते तुला येतंच. माझं कुठं चुकलं ते सांगते.

तेव्हा मी एका खासगी हॉस्पिटलात होते, नाव घेत नाही. पूर्व भागातल्या एक विडी कामगार आजी खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. तेलुगू बोलायच्या, मराठी कामापुरतं. सकाळी ऑपरेशन होतं. रात्री अकराच्या राउंडला बघते तर आजी जाग्याच. तंबाखूने पिवळी पडलेली बोटं चादरीची कड गुंडाळत होती, विडी वळतात तशी, न थांबता. मला भरून आलं. त्यांच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बऱ्यापैकी मोठ्याने प्रार्थना केली. विचारलं काहीच नाही. मनात म्हटलं, चांगल्या गोष्टीला काय विचारायचं!

डोळे उघडले तर मुलगा दारात. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, "सिस्टर, आई ऱ्हात नाही का आता?"

आपल्या ख्रिस्ती लोकांना कळत नाही गं, पण बाहेरच्या माणसाने अशी प्रार्थना फक्त सिनेमात पाहिलेली असते. पाद्री पलंगाशी आला की माणूस जातो. आजींनाही तेच वाटलं. मरायचंच असेल तर घरी मरू म्हणाल्या. पहाटे पाच वाजता डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन रिक्षातून घरी नेलं. सर्जन आले तेव्हा पलंग रिकामा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड लवकर बसवलं नाही तर माणूस अंथरुणाला खिळतो, ते तू जाणतेस.

तीन आठवड्यांनी आजी परत आल्या. माकडहाडाच्या वर माझी मूठ जाईल एवढा बेडसोर, पडून पडून झालेली जखम. जखम भरेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणाले. ड्रेसिंग मी मागून घेतलं. रोज सलाइनने धुवायचं, सडलेलं काढायचं, गॉज भरायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची. पहिले चार दिवस आजी माझ्याकडे बघतही नव्हत्या. मीही तोंडातून देवाचं नाव काढलं नाही. घरून निघताना खोलीचं दार लावून मागायचं ते मागायचे.

त्या दिवसांत बायबलमधला, लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोनीचा दाखला नव्याने वाचला, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधणं, जनावरावर बसवून उतारशाळेत नेणं, दोन दिनार देणं, सगळं हाताचं आणि खिशाचं काम. बोलतो तो फक्त उतारशाळेच्या मालकाशी, तेही पुढच्या खर्चाबद्दल. जखमीशी तो काही बोलल्याचं लूकने लिहिलेलं नाही, आणि लूक स्वतः वैद्य होता. आपल्या मंडळीत कुणी म्हणेल की साक्ष दिलीच पाहिजे, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगितलंच पाहिजे. मला तरी अर्धवट शुद्धीतल्या, सलाइन लावलेल्या माणसासमोर साक्ष देणं पटत नाही. त्याला उठून जाता येत नाही ना! आरोळे डॉक्टर पतिपत्नी 1970 साली जामखेडला गेले, तेव्हा दुष्काळात आधी पाणी आणि अन्न बघितलं. ते ख्रिस्ती आहेत हे लोकांना माहीत होतंच.

सहाव्या आठवड्यात जखम भरत आली. ड्रेसिंग चालू असताना आजींनी मान न वळवता विचारलं, "त्या रात्री काय म्हणत होतीस?" मी म्हटलं, "तुम्हाला झोप लागू दे, एवढंच." त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मग तसं सांगायचं की!"

पुढे ऑपरेशन झालं, पण वॉकर सुटला नाही.

आता ऑफिसचं. मला मेमो आला त्यात "धर्मांतराचा प्रयत्न" असं लिहिलं होतं. पेशंटने तसं म्हटलं नव्हतं, मुलानेही नाही. टेबलामागच्या एका माणसाने ते स्वतःच्या मनाने घातलं. मी रडत तोंडी माफी मागितली आणि घरी गेले. ती माझी दुसरी चूक. लेखी काहीच नसल्याने चौकशी उघडीच राहिली, दोन वर्षं पगारवाढ अडकली. विचारायला गेलं की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". फाइल कधी बंद झाली ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही. जाऊ दे, यावर लिहायला बसले तर सकाळ होईल.

कुणी तुला संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 काढून दाखवेल. ते आहेच, पण ते स्वातंत्र्य ज्यांच्या अधीन आहे त्यांत "आरोग्य" हाही शब्द आहे. त्याच्या जोरावर मेट्रनशी भांडू नकोस.

त्या आजींनंतर मी एकच वाक्य ठेवलंय: "तुमच्यासाठी मनात प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाले तर मनातच करते. मोठ्याने हवी असेल तर ते सांगतात, मग त्यांच्याच पाळकांना निरोप देते. क्रॉस युनिफॉर्मच्या आत, वाकल्यावर ड्रेसिंगवर लोंबकळतो म्हणून.

रविवारी उपासनेसाठी सुटी कशी मिळवायची ते विचारलंस म्हणून: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, दिवसांत आणि दिवाळीत सगळ्यांना सुटी हवी असते. त्या ड्युट्या मी घेते असं आधीच सांगून टाक. नाताळ आणि गुड फ्रायडे आपोआप मोकळे मिळतात, रविवारच्या उपासनेलाही बहुतेक वेळा जाता येतं.

आणि मेमोचं उत्तर उद्याच दे. लेखी, चार ओळींत: काय केलं, किती वाजता, कोण हजर होतं, यापुढे विचारून करेन. त्यात बायबलची वचनं घालू नकोस. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस.