पाचव्या फेरीनंतर

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

प्रश्न : १९ मार्च २०२१ च्या रात्री पणजीत मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर मुष्टियोद्धा विजेंदर सिंग रशियाच्या आर्तिश लोपसानकडून हरला, तेव्हा आम्ही चार मित्र बांदोडकर मार्गाच्या कठड्याशी उभे राहून समोरचे दिवे आणि हातातला मोबाइल असे दोन्ही पाहत होतो. तोवर बारा व्यावसायिक लढतींत तो एकदाही हरला नव्हता. ‘त्या रात्रीच तो संपला,’ असे आमच्यातील एक जण आजही म्हणतो. मला ते पटत नाही. इतका मार खाल्ल्यावर नावाजलेल्या मुष्टियोद्ध्याला पुढे भवितव्य उरते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या मित्राचे निदान बरेचसे बरोबर आहे, मात्र त्याने तारीख चुकीची धरली आहे. विजेंदरच्या लढती एकाखाली एक लिहून पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक रिंगणात उतरल्यापासून डिसेंबर २०१६ पर्यंत त्याने आठ लढती केल्या आणि आठही जिंकल्या. त्यातच जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओ या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा आशिया-पॅसिफिक किताब मिळवला. त्यानंतरच्या चार वर्षांत मिळून त्याच्या वाट्याला चारच लढती आल्या, दोन २०१७ मध्ये आणि दोन २०१९ मध्ये. २०१८ कोरडे गेले, २०२० कोविडने खाल्ले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत चार्ल्स अदामूला हरवल्यानंतर सोळा महिन्यांनी तो पणजीत रिंगणात उतरला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि समोर सहा फूट चार इंच उंचीचा, त्याच्याहून बराच तरुण प्रतिस्पर्धी उभा होता.

एवढ्या खंडाने नेमके काय जाते, हे सरावाच्या खोलीत फार जवळून पाहायला मिळते. महिनाभर घरी राहून आलेला मुलगा दोरीवरच्या उड्या पूर्वीसारख्याच मारतो, पिशवीवरचे ठोसेही तसेच वाजवतो, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की सर्व ठीक आहे. जोडीदारासमोर उभा राहिला की मात्र जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर त्याचा हात गालापर्यंत परत न येता हनुवटीच्या चार बोटे खालीच थांबतो, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला कळतही नाही. समोरचा आपल्यापासून किती हातांवर आहे, हा अंदाज डोळ्यांना रोजच्या सवयीने येतो आणि सवय तुटली की सर्वांत आधी तोच जातो. उंच प्रतिस्पर्ध्याशी लढताना तर सगळी मदार त्या अंदाजावर असते, कारण त्याच्या लांब हातांच्या आत शिरायचे आणि ठोसे मारून पुन्हा बाहेर पडायचे, एवढाच मार्ग उरतो. लोपसानने आपली उंची उत्तम वापरली, विजेंदर सावरतो का हे पाहण्यासाठी पंचांना एकाहून अधिक वेळा आकडे मोजावे लागले आणि पाचव्या फेरीचे जेमतेम एक मिनिट उलटले असताना लढत थांबली. म्हणून माझे मत असे की विजेंदरची धार आधीच्या चार वर्षांतच बोथट होत आली होती आणि मांडवीवर ती सर्वांना दिसली.

आता तुमचा मूळ प्रश्न. भवितव्य उरते, परंतु ते कशावर अवलंबून असते याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. आपल्याकडे लगेच जिद्दीचे नाव घेतले जाते. जिद्द नसलेला माणूस या खेळात पाचव्या फेरीपर्यंत पोहोचतच नाही. जिद्द हरणाऱ्याकडेही असते आणि परतणाऱ्याकडेही असते. फरक पडतो तो पराभवानंतर त्याने काय बदलले यामुळे.

ब्रिटनचा हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईसचे उदाहरण मला नेहमीच सर्वांत बोलके वाटत आले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये लंडनला ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवे केले. त्या दिवशी मॅकॉलच्या कोपऱ्यात इमॅन्युएल स्टुअर्ड हे प्रशिक्षक होते. लुईसने काय केले, तर ज्या माणसाने आपल्याला हरवण्याची युक्ती शिकवली त्यालाच आपला प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले आणि १९९७ मध्ये किताब परत मिळवला. एप्रिल २००१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळ, हसीम रहमानकडून पुन्हा पडला, तोही पाचव्याच फेरीत. तिथे मात्र तंत्रापेक्षा तयारीत खोट होती : वजन वाढलेले होते, आणि तिथल्या उंचावरील विरळ हवेची सवय होण्यासाठी त्याने स्वतःला पुरेसे दिवस दिलेले नव्हते. तयारीतील खोट सुधारता येते. सातच महिन्यांनी त्याने रहमानला चौथ्या फेरीत झोपवले.

युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिच्को याचीही गत अशीच झाली. मार्च २००३ मध्ये कॉरी सँडर्सकडून दुसऱ्या फेरीत आणि एप्रिल २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरकडून पाचव्या फेरीत तो हरला, तेव्हा ‘याची हनुवटी काचेची आहे,’ असे सारेच म्हणू लागले. त्याच्याही पाठीशी स्टुअर्डच उभे होते. हनुवटी कोणालाही बदलून मिळत नाही. म्हणून त्यांनी ती प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात येणारच नाही अशी लढण्याची पद्धत बसवली. डावा हात सतत पुढे ठेवायचा, अंतर राखायचे आणि समोरचा आत शिरलाच तर त्याला मिठी मारून बांधून टाकायचे. पाहायला ती पद्धत रुक्ष होती, आणि प्रेक्षकांनी त्यावर नाकेही मुरडली. तो २००६ पासून २०१५ पर्यंत अजिंक्यवीर राहिला.

याउलट अमेरिकेचा रॉय जोन्स. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. चारच महिन्यांनी तो ग्लेन जॉन्सनसमोर उभा राहिला आणि नवव्या फेरीत पुन्हा बेशुद्ध पडला. हात खाली सोडून केवळ चपळाईवर ठोसे चुकवणे ही त्याची सारी कला होती. चपळाई वयाबरोबर ओसरली आणि तिच्या जागी ठेवायला त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते. मी पहिल्या नॉकआउटपेक्षा दुसऱ्याला अधिक भितो, ते यासाठीच. पहिला एखाद्या चुकीमुळे होऊ शकतो. दुसरा लगोलग झाला, तर चूक दुरुस्त झाली नाही किंवा ती आता दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, असे समजावे.

विजेंदर ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला पुन्हा लढला आणि घानाच्या एलियासू सुलेला त्याने दुसऱ्या फेरीत नॉकआउट केले. त्या विजयाचा मलाही मनापासून आनंद झाला, कारण २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवून भारतीय मुष्टियुद्धाला पहिले ऑलिम्पिक पदक त्यानेच दिले आणि भिवानीतील कित्येक मुलांच्या हाती ग्लोव्ह्ज आले ते त्याला पाहून. तरीही दोन लढतींमध्ये सतरा महिन्यांचे अंतर होते, हे विसरता येत नाही. वर्षाला एक लढतही न मिळणाऱ्या मुष्टियोद्ध्याला, मग तो कितीही लोकप्रिय असो, जागतिक किताबाचे स्वप्न दाखवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीवर डॅनियल दुबुआने माजी हेवीवेट विजेता अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडून पाचव्या फेरीत हरवले. पुढे जोशुआने जेक पॉलला नॉकआउट केले. याला पुनरागमन म्हणायचे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : माझ्या मते नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मायामीला त्याने पॉलला सहाव्या फेरीत आडवे केले हे खरे, परंतु पॉल हा यूट्यूबवरून नावारूपाला आलेला आणि जोशुआपेक्षा अंगाने बराच लहान असा प्रतिस्पर्धी होता. दुबुआच्या उजव्या हाताने जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर अशा लढतीत मिळू शकत नाही. जून २०१९ मध्ये अँडी रुईझकडून हरल्यानंतर जोशुआने वजन घटवले, अंतर राखून बारा फेऱ्या काढल्या आणि सहा महिन्यांत किताब परत मिळवला. बदल म्हणतात तो तसा. मायामीनंतर अवघ्या काही दिवसांत नायजेरियातील मोटार अपघातात त्याचे दोन जिवलग सहकारी दगावले. अशा वेळी त्याला पुढच्या लढतीची तारीख विचारणे मला योग्य वाटत नाही. लोकप्रियतेचा धोका हाच असतो की तिकिटे खपत राहतात, आणि तिकिटे खपतात तोवर कोणी थांब म्हणत नाही. लॅरी होम्सने ऑक्टोबर १९८० मध्ये मुहम्मद अलीला दहा फेऱ्या बडवल्यानंतर अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. त्यानंतरही डिसेंबर १९८१ मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकलेला असताना, अलीला आणखी एका लढतीसाठी बहामास नेण्यात आलेच.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. गेल्या पंधरवड्यात एका स्पर्धेत डोक्याला ठोसा लागून तो नॉकआउट झाला. स्कॅन निर्दोष आला आहे. तीन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा आहे आणि ‘लगेच खेळला नाही तर मनात भीती बसेल,’ असे त्याचे प्रशिक्षक म्हणतात. काय करावे?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, त्याला त्या स्पर्धेला पाठवू नका. तुमच्या पत्रातील इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाचा तडा दिसतो. ठोशाने मेंदूला बसलेला हादरा त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून निर्दोष स्कॅनचा अर्थ मुलगा लढायला योग्य झाला असा होत नाही. हौशी मुष्टियुद्धात वर्षानुवर्षे चालत आलेला नियमही हेच सांगतो : डोक्यावरील ठोशाने एकदा नॉकआउट झाल्यास किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झाल्यास ९० दिवस आणि वर्षभरात तिसऱ्यांदा झाल्यास एक वर्ष रिंगण बंद. या काळात सरावातले स्पारिंगही, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढतही, बंदच असते, आणि नेमके तेच लोक विसरतात. हेल्मेट घालून चालेल का, असे कोणी विचारल्यास त्याला सांगा की हेल्मेटमुळे कातडी फाटणे कमी होते, आतला हादरा थांबत नाही. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जिवावर बेतू शकते, आणि हा धोका तुमच्या मुलाच्या वयात सर्वाधिक असतो.

तोवर घरी त्याच्याकडे बारकाईने लक्ष ठेवा. उजेड डोळ्यांत खुपतो का, वाचताना ओळ हरवते का, झोप बिघडली आहे का, एरवी शांत असणारा मुलगा चिडचिड करू लागला आहे का, हे पाहा. यातील काहीही असेल, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय त्याने ग्लोव्ह्ज चढवू नयेत. उलट्या सुरू झाल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा तो गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी निघा.

प्रशिक्षकांच्या भीतीच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, परंतु त्यावरचा उपाय वेगळा आहे. डॉक्टरांनी होकार दिल्यानंतर आधी पळणे, मग आरशासमोर हवेत ठोसे, मग पिशवी, आणि शेवटी ओळखीच्या जोडीदाराबरोबर हलके स्पारिंग, असे टप्प्याटप्प्याने जाता येते. एखाद्या टप्प्यावर डोके दुखले तर एक पायरी मागे यायचे. त्या लढतीचे मोबाइलवरील चित्रण कोणाकडे असेल, तर मुलाला आणि प्रशिक्षकांना ते एकत्र बसून पाहायला सांगा. ठोसा लागण्यापूर्वीचे दोन सेकंद पुन्हा पुन्हा पाहावेत, आणि त्याचा डावा हात त्या वेळी नेमका कुठे होता ते त्याने स्वतःच शोधून काढावे.