गाडीच्या काचेवरची जुनी फिल्म काढताना

हे काम घरी नक्की जमेल. फक्त सुरुवात दाराच्या लहान काचेपासून करा. फिल्म आतल्या बाजूने चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने कोपरा चांगला तापवून तो नखाने उचला आणि पुढचा भाग गरम करत करतच सावकाश ओढत जा, कारण थंड फिल्म हिसका देऊन ओढली की तिच्या चिंध्या होतात आणि गोंद काचेवरच राहतो. (माझी पहिली काच दुपारभर खरवडावी लागली होती.) उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या काचेवरच ब्लेड तिरपे धरून काढा, त्याआधी दाराच्या पॅनेलवर जुना टॉवेल अंथरा. मागच्या काचेला मात्र ब्लेड अजिबात लावू नका, कारण डिफॉगरची (काच तापवून तिच्यावरचे धुके घालवणाऱ्या रेषांपैकी) एखादी बारीक रेष कापली गेली की तिचे तापणेच बंद होते.