अमूर्त चित्रातून जगण्याबद्दल खरंच काही शिकता येतं का?

तुम्ही सांगलीचे, कधी ब्रश धरला नाही आणि अमूर्त चित्रं म्हणजे नुसते फराटे वाटतात, असं प्रश्नात लिहिलंय. नुसतं बघून फारसं हाती लागणार नाही. एक करून बघा.

३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड कागद घ्या, पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो. ॲक्रिलिकच्या तीनच ट्यूब: अल्ट्रामरीन (गडद) निळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, आणि पांढरा. चार इंची रबरी रोलर आणि बाद झालेलं एटीएम कार्ड. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने पाटाला चिकटवा.

आधी रोलरने निळ्याचा पातळ थर. पाणी रंगाच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर थर कागदाला नीट धरत नाही, घासला की निघतो. मग वाळू द्या. आपल्याकडच्या मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात बराच वेळ लागतो. बोटांची पालथी बाजू टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. पुरतं वाळल्यावरच सिएना.

बहुतेकांचं इथेच बिनसतं. ओल्या निळ्यावर सिएना फिरला की दोघे एकमेकांना मारतात आणि करडा चिखल होतो. तो सुधारायला माणूस पांढरा घालतो, मग सगळं खडूसारखं फिकट पडतं. आणखी रंग घालून हा चिखल सुटत नाही. ओला असतानाच कार्डाने खरवडून खालचा कागद उघडा करायचा. गंमत म्हणजे पुष्कळदा ती खरवडलेली जागाच चित्रात उठून दिसते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग चढवत आणि उतरवतही. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करत.

थांबायचं कधी, हे सगळ्यात अवघड. रंगांत सांगलीच्या आयर्विन पुलाचा भास झाला की कमानी काढायला हात शिवशिवतो. काढू नका. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो घ्या: सगळं एकाच करड्या छटेत दिसलं तर गडद-फिकट कमी पडलंय. कागद चारही बाजूंनी फिरवून बघा, रात्रभर भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी खटकेल तेवढंच बदला.

अर्थ काय, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. मिरजेत आलाप ऐकताना कुणी तो विचारत नाही.

आयुष्याचं म्हणाल तर बिघडलेल्यावर लगेच आणखी काही थापायची आपली सवय कागदावर अर्ध्या तासात उघडी पडते. एरवी ती कळायला वर्षं जातात. बाकीचे मोठे दावे मला पटत नाहीत.

कागद दोन-तीन बिघडले की सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात जाऊन या. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही. रविवर्म्याने दागिन्यांपर्यंत सगळं रंगवलंय. मूरने काय काय काढून टाकलं आणि तरी आई-मूल कसं ओळखू येतं, ते शिल्पाला एक फेरी मारून बघा.