संपल्याशिवाय सोडायचं नाही

अगं, तुझा मेल काल रात्री वाचला आणि खरं सांगू, आधी रागच आला. सोलच्या राष्ट्रीय आर्ट म्युझियममध्ये युन ह्यॉन्ग-गुन या कोरियन चित्रकाराचं एवढं मोठं सोलो प्रदर्शन लागलंय, आयुष्यभराचं काम एका छताखाली, मी त्याची चित्रं प्रत्यक्षात फार थोडी पाहिलीयत, आणि तू सगळं बघून लिहितेस काय तर, सर, त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं, माझं आयुष्य डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गेलं, मी कशाच्या जिवावर करड्या पट्ट्या काढतेय. त्यात तो गॅलरीवाला म्हणतोय तुझं पहिलंच प्रदर्शन आहे, जरा व्हरायटी टाका, म्हणून आता लाल-पिवळं आणायचं डोक्यात घेतलंयस. थांब जरा.

त्याच्याकडे काय होतं ते मलाही माहितेय. 1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला गोळ्या घालायला नेलं होतं, कसाबसा वाचला. 1956 मध्ये सहा महिने सोलमधल्या सोदेमुनच्या तुरुंगात. 1973 मध्ये मुलींच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होता, तिथे एका वशिल्याच्या ॲडमिशनवर तोंड उघडलं, वशिला थेट गुप्तचर खात्याच्या प्रमुखाचा, मग काय, कम्युनिस्ट ठरवून आत टाकलं, आणि आरोप काय तर लेनिनसारखी टोपी घालतो! नोकरी गेली, मागे पाळत लागली ती वेगळीच. हे सगळं खरं. पण त्याच्या साठच्या दशकातल्या चित्रांसमोर उभी राहिलीस का तू? बंदूक आणि 56 चा तुरुंग, दोन्ही भोगून झालं होतं तोवर, आणि चित्रं बघ, उजळ, रंगीत, सासऱ्यांची म्हणजे चित्रकार किम ह्वान-गींची छाप सरळ दिसते. भोगलेलं आपोआप कॅनव्हासवर उतरत असतं तर तेव्हाच नसतं का उतरलं? तेव्हा त्याचं दुःख उसनं मागू नकोस. त्याच्याकडून घ्यायचंच तर दुसरं काहीतरी घे.

तो खरा सुरू झाला 45 व्या वर्षी. अल्ट्रामरिन म्हणजे गडद निळा आणि अंबर (umber) म्हणजे मातकट तपकिरी, दोनच तेलरंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले, रुंद ब्रशने कोऱ्या कापडावर, खाली प्रायमर वगैरे काही नाही. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत त्यावरच थर. निळा आकाशाचा, अंबर मातीचा, आणि थरांवर थर चढून काळे झालेले ते उभे खांब म्हणजे दार, एवढंच त्याचं म्हणणं. 2007 मध्ये गेला तोवर ते दार सोडलं नाही त्याने. संपलंच नव्हतं तर सोडेल कशाला?

आणि तू म्हणतेस सगळी सारखीच दिसतात. अगं वेडे, कडा बघ ना! सत्तरच्या दशकातल्या चित्रांत तेल कापडात झिरपून रंगाच्या बाहेर पसरलंय, कड कुठे संपते तेच कळत नाही. 1980 मध्ये ग्वांगजूत सैन्याने लोक मारले, त्यानंतरच्या चित्रांत तेच खांब कलंडलेत, रंग खाली ओघळलाय. नव्वदच्या दशकात तेल कमी होत गेलं, काळं घट्ट झालं, कड सुरीसारखी. व्हरायटी हवी होती ना? ही घे. तेच धरून ठेवलं म्हणून तर एक खांब कलला तरी पोटात गोळा येतो. (आणि प्लीज, लगेच आपल्या अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंडेंशी तुलना करत बसू नकोस, आपल्याकडे कोणी गप्प चित्र काढलं की गायतोंडेंचं नाव घेतात सगळे.)

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल, हेकट आहे, वर्षानुवर्षं तेच काढतो, विकलं जात नाही. हो, काढतो. शाळेत शिकवून घर चालवलं आणि उरलेल्या वेळात तेच काढलं, कोणाचं काय गेलं? वाईट एवढ्याचंच वाटतं की आई होती तोवर तिला हाताला धरून न्यावं असं एकही प्रदर्शन झालं नाही, शेजारणींना सांगायची मुलगा पेंटर आहे, तर त्या विचारायच्या हॉलला रंग लावायचे किती घेतो. आता समजा मी तेव्हा लोकांना आवडतात तशी घाटाची, देवळाची चित्रं काढली असती, तर झालं असतं प्रदर्शन, पण ते कोणाचं असतं गं? माझं नसतंच. म्हणून म्हणतो, संपल्याशिवाय सोडायचं नाही. तुझं करडं संपलंय का? चारच थरांत संपत नसतं काही, निदान कंटाळा येऊन जाईपर्यंत तरी थांब, कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे ते तू अजून पाहिलेलंच नाहीस.

असो, फार बोललो. या आठवड्यात परत जा, भिंतीवरचं वाचू नकोस, 1980 ची चित्रं शोध आणि त्यांच्यासमोर बूड टेकून बस. फोटो पाठवलास तर अख्ख्या चित्राचा नको, कडेचा पाठव, जवळून, फोटो काढू देत असतील तर. गॅलरीवाल्याला इतक्यात काही कळवू नकोस, त्याला थांबता येतं. आणि होस्टेलच्या खोलीत टर्पेंटाइन वापरतेयस ना, खिडकी उघडी ठेवत जा, थंडी असली तरी.