फॉर्म भरायच्या आधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. काल रात्री कुर्ल्याला गाडीची वाट बघत पाठवलेला तुझा मेसेज वाचला. गुंतवणुकीच्या विश्लेषणाचं सीएफए करू, जोखीम सांभाळण्याचं एफआरएम करू, अमेरिकेतल्या हिशेबनिसांचं यूएस सीपीए करू, की नोकरी सोडून एमबीए? कोर्सांची नावं चार, कामाचं एकही नाही. माझं डोकं फिरलं ते तिथे.

आधी काम ठरव, मग परीक्षा.

मागच्या एप्रिलमधलं बँक शाखेचं ऑडिट आठव. भिवंडीच्या त्या यंत्रमागवाल्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचा मालसाठ्याचा तक्ता, महिन्यामागून महिना येत होतं. आकडा तोच, फक्त तारीख बदललेली. बाकीचे ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे त्या साठ्यावर किती कर्ज उचलता येतं त्या आकड्यावर, टिक मारून मोकळे झाले. तू विजेची बिलं मागितलीस. ती उतरत गेलेली निघाली, म्हणजे माग बंद. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं गं! ज्याला असा प्रश्न सुचतो त्याने क्रेडिटचं, म्हणजे कर्जदार पैसे फेडेल का हे तपासायचं काम करावं, बँकेत म्हण, रेटिंग एजन्सीत म्हण. त्या खुर्चीत बसलीस की एफआरएमचे दोन भाग उपयोगी पडतील. तुझं मत वेगळं असेल तर जरूर सांग, पण कामाचं नाव घेऊन सांग.

सीएफएच्या तिन्ही लेव्हल पास झालीस तरी चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, हातात पडत नाही. गुंतवणुकीच्या निर्णयांशी जोडलेलं 4,000 तासांचं काम लागतं, तेही किमान 36 महिन्यांत. म्हणजे ज्यांची परीक्षा, तेसुद्धा कामच विचारतात. ब्रोकरेजमध्ये रिसर्च करायचा असेल तर सेबीच्या 2014 च्या नियमांप्रमाणे सेबीच्याच एनआयएसएम या संस्थेचं प्रमाणपत्र लागतंच. त्याची फी निदान रुपयांत आहे. यूएस सीपीए अमेरिकन कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांनी करावं. इथल्या ऑडिटवर सही करायला आपल्या सीए इन्स्टिट्यूटचंच सर्टिफिकेट लागतं. आणि एमबीए? जमनालाल बजाजला नंबर लागला तर जा, एरवी नोकरी सोडू नकोस.

"सर, मग तुम्ही का नाही काही केलंत?" असं तू एकदा विचारलं होतंस. माझ्या बरोबरीचे मर्चंट बँकिंगमध्ये, कंपन्यांचे आयपीओ आणायच्या कामात गेले, मी फोर्टातल्या ऑफिसात टॅक्स ऑडिटं करत राहिलो. हळहळ वाटते, नाही कशाला म्हणू? एखाद्या आयपीओचं प्रॉस्पेक्टस हातात आलं की अजून वाटते. पण 2017 मध्ये मूल्यांकनाचे नवे नियम आले, अशिलांनी शेअर्सच्या व्हॅल्युएशनची कामं आणून टाकली, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर रजिस्टर्ड व्हॅल्युअरची परीक्षा दिलीच की. समोर काम होतं म्हणून अभ्यास डोक्यात शिरला. लोक म्हणाले, या वयात कशाला. म्हणोत. आधी काम, मग परीक्षा, हे मी तुला नुसतं सांगत नाही.

आता एक कर. रोजच्या वापरातली एखादी लिस्टेड कंपनी निवड. बीएसईच्या साइटवर वार्षिक अहवाल फुकट मिळतात, पाच वर्षांचे उतरवून घे. नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड शेजारी-शेजारी मांड. फरक कुठून पडतो ते नोट्समध्ये शोध: येणी, साठा, रिलेटेड पार्टी म्हणजे मालकांच्याच माणसांशी केलेले व्यवहार. आणि रोकड दिसली की लगेच हुरळून जाऊ नकोस. सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड नव्हतीच, हे जानेवारी 2009 मध्ये कळलं. रोकड तर रोकड, 376 कोटींचं येणं व्याजही खोटं. हे सगळं उकरताना रात्रीचे अकरा वाजलेले कळले नाहीत, तर क्रेडिटबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेईन आणि सीएफएचा फॉर्म आपण दोघं बसून भरू. तिसऱ्या दिवशी जांभया यायला लागल्या तर फीचे डॉलर वाचले.

लवकर नोंदणीची सवलत संपतेय, हे कारण मला सांगू नकोस. शनिवारी दुपारी ऑफिसात ये. कंपनीचं नाव आधी कळव, यंदाच्या अहवालाची प्रिंट मी काढून ठेवतो. कन्सॉलिडेटेडच काढीन, म्हणजे उपकंपन्या धरून; एकट्या कंपनीचं नुसतं स्टँडअलोन बघून मत देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तुझे
सर